निळ्या लुगड्याचं शेवटचं कडवं

माझ्या बायकोचा आवाज आज एका गाडीच्या कंपनीकडं आहे, आणि तो माझ्याच सहीनं गेला आहे. हे पहिले सांगून टाकतो. नंतर कोणी म्हणायला नको, की म्हाताऱ्यानं साऱ्या जगाला शिव्या दिल्या आणि स्वतःचं तेवढं झाकून ठेवलं.

मी भिलाईच्या पोलाद प्लांटचा माणूस. आठवीत शाळा सुटली. छत्तीस वर्षं रोलिंग मिलमध्ये गेली. लिहायची सवय नाही. मुलाची एक जुनी वही घेतली आहे. पुढच्या पानांवर त्याची गाणी आहेत, मागच्या कोऱ्या पानांवर मी लिहून राहिलो आहे. चुका असतील तर असू द्या. राग बरोबर आहे.

मुलाचा बँड आहे. आमच्याकडं बँड म्हटलं की लोकांना लग्नातला बँड आठवतो, म्हणून मी कितीतरी वर्षं लोकांना सांगतच नव्हतो. 'पोरगा काय करते?' कोणी विचारलं की 'कॉम्प्युटरचं काही करते' म्हणायचो. तीन जणं आहेत. मुलगा गिटार वाजवतो, गाणी रचतो, मधेमधे गातोही. एक मुलगी गाते, ती शेजारच्या जुनवानीची, बंगाली. आणि ड्रम बडवणारा एक, तो दिवसा रसमड़ाच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, संध्याकाळी हात धुऊन पुन्हा बडवायला बसतो. त्यांच्या मागं कोणी शेठ नव्हता, कोणी कंपनी नव्हती. गाणं स्वतः करायचं, स्वतः रेकॉर्ड करायचं, स्वतः मोबाईलवर टाकायचं.

सुरुवात आमच्या क्वार्टरमध्ये झाली. तेव्हा मी नोकरीत होतो. दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढं वऱ्हांडा, आणि वऱ्हांड्यात ह्यांचा दणदणाट. मी ड्युटीवरून यायचो तर मिलचा आवाज कानातून उतरलेला नसायचा आणि दारात दुसरी मिल चालू.

"कावून बे, पत्रे वाजवून राहिले का?" मी ओरडायचो.

"बाबा, हे गानं आहे."

"गानं असं असते? गान्यात मानूस मरते का?"

माझी बायको मधे पडायची. पण ती माझ्यासारखी ओरडणारी नव्हती, ती बंदोबस्त करणारी होती. आमच्या लायनीत आठ घरं. कोण कोणत्या शिफ्टला आहे, कोण रात्रपाळी करून झोपलं आहे, कोणाची सुट्टी आहे, सगळं तिच्या डोक्यात. दर सोमवारी ती कॅलेंडरच्या मागच्या बाजूला कोळशानं लिहून ठेवायची आणि दारामागं टांगायची. "वरचे भाऊ नाईट करून आले, एक वाजेपर्यंत ढोल नाई. बाजूचे काका दोनले ड्युटीवर जातात, मंग साडेपाचपर्यंत काय बडवायचं ते बडवा." तिन्ही पोरं ते कॅलेंडर पाहून यायची. तिला 'मॅनेजर' म्हणायची. लायनीतल्या एकाही माणसानं कधी तक्रार केली नाही. ह्या बँडचं पहिलं ऑफिस म्हणजे ते कॅलेंडर.

अकरा वर्षं. पहिल्या वेळी कॉलेजच्या फंक्शनमध्ये वाजवायला गेले तर माईकवाल्यानं दुसऱ्याच गाण्यात तार काढली, कारण मागं डान्सवाल्या पोरी तयार होऊन बसल्या होत्या. मग रायपूरच्या एका हॉटेलात वाजवायचे, तिथं लोक पाठ फिरवून पनीर खायचे. मग नागपूर, पुणे, बंगलोर. गाडीच्या जनरल डब्यात, दोन पायांच्या मधे गिटार धरून. हळूहळू ऐकणारे जमले. कोण जमले? होस्टेलची पोरं. कोचिंगसाठी गावाहून येऊन एका खोलीत चौघं राहणारी पोरं. पहिल्या नोकरीत साहेबाच्या शिव्या खाणारी पोरं. ह्यांच्या गाण्यात असायचं तेच सगळं, खोली, मेस, घरून आलेला फोन. हिंदीत गायचे, मधेच छत्तीसगढ़ी.

आणि ही ऐकणारी पोरं आमच्या घरी यायची. मी रिटायर झालो, आम्ही कुरुदला घर बांधलं, तिथंही पत्ता काढून यायची. कोणी कोरब्याहून, कोणी बालाघाटहून. दारात उभी राहून मुलाला पाहून लाजायची. बायको म्हणायची, "लाजता काय, आत या, हात धुवा." पोळी आणि झुणका. जाताना चिवड्याची पुडी. कार्यक्रमाला दुसऱ्या गावी निघाले की ती मोठ्या डब्यात चिवडा भरून द्यायची आणि सांगायची, "जो लांबून आला असन त्याले पहिले द्या." मंचावरून माझा मुलगा विचारायचा, सबसे दूर से कौन आया है, आणि हात वर झाला की चिवड्याची पुडी फेकायचा. लोकांना वाटायचं ही काही नवी फॅशन आहे. ती फॅशन नव्हती, माझ्या बायकोची काळजी होती.

पुढं ज्यांना त्या गाडीच्या कंपनीची बाई 'लॉयल ऑडियन्स' म्हणाली ना, ती ही पोरं. लॉयल कशी झाली ते तिला माहीत नव्हतं. माहीत असतं तर तिनं चिवड्यावरही सही घेतली असती.

आता गाण्याचं सांगतो.

माझी बायको विहाराच्या महिला मंडळात गायची. रविवारी वंदना झाली की बाया गोल करून बसायच्या, एक ढोलकी, दोन टाळ. गाणी त्यांचीच, कोणी कोणी रचलेली. आमच्याकडं रीत आहे की गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. अमका सांगतो, अमकी म्हणते, असं. ते नाव आलं की गाणं संपलं, आणि गाणं कोणाचं तेही कळलं. माझ्या बायकोनं आयुष्यात एकच गाणं रचलं, आणि त्यात नाव स्वतःचं नाही टाकलं, तिच्या मायचं टाकलं.

तिची माय भंडाऱ्याकडच्या गावातून आली, प्लांट बांधून राहिले होते तेव्हा. डोक्यावर मातीचं टोपलं वाहायची. पहिल्या मजुरीतून तिनं निळं लुगडं घेतलं, जयंतीच्या दिवशी नेसायला. गावात असताना अंगावर नवं कापड दिसलं की वरच्या आळीतले लोक विचारायचे, कोणी दिलं. इथं कोणी विचारलं नाही. ते लुगडं माझ्या बायकोनं शेवटपर्यंत पेटीत ठेवलं होतं. त्याच्यावर गाणं:

निळं लुगडं माझ्या मायचं, वाळत टाकलं दारात,
वारा आला, घेऊन गेला, उडून राहिलं गावात.

मधे दोन कडवी आहेत, आणि शेवटी हे:

डोक्यावरती टोपलं होतं, मान तरी ना वाकली,
अमकीची लेक सांगे, तिनंच ही वाट आखली.

'अमकी' मी लिहिलं. गाण्यात खरं नाव आहे. ते मी इथं लिहीत नाही. कागदावर आलं की कोणी ना कोणी उचलून नेते, हे मी शिकलो आहे.

एक दिवस ती स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता हे म्हणून राहिली होती आणि मुलानं मोबाईल काढला. "आई, पुन्हा म्हन." ती म्हणायला लागली आणि पहिल्या ओळीतच थांबली, "थांब रे, दूध उतू जाईन!" गॅस बारीक केला, परत आली, आणि पूर्ण गाणं म्हटलं, शेवटच्या कडव्यासकट, बांगड्यांचा आणि बेलण्याचा आवाज घेऊन. बँडनं ते तसंच ठेवलं. आधी तिचा आवाज, 'थांब रे, दूध उतू जाईन', मग एकदम ड्रम, मग जुनवानीची मुलगी मराठीत गाते. बंगाली पोरगी, पण माझ्या बायकोसमोर बसून बसून एकेक शब्द घासला तिनं. ह्यांचं एकच गाणं मराठीत आहे, आणि तेच सगळ्यात जास्त चाललं. ज्यांना मराठीचा म माहीत नाही अशी पोरं मैदानात ओरडायला लागली, दूध उतू जाईन.

मी एकाही कार्यक्रमाला गेलो नाही. ती म्हणायची, "अवो, एकदा चला ना. लेकरं माह्या आवाजात वराडतात म्हनते." मी म्हणायचो, मला गर्दी सोसत नाही. छत्तीस वर्षं मिलमध्ये उभा राहिलेला माणूस, मला गर्दी सोसत नाही! खोटं बोललो. लाज वाटायची. मुलगा केस वाढवून उड्या मारतो, ते लोकांसोबत बसून पाहायची लाज.

गाणं चालायला लागलं आणि ती आजारी पडली. पोटात गाठ. चार महिने. मी जास्त लिहीत नाही, लिहिता येत नाही. शेवटच्या आठवड्यात दूरदूरची पोरं घरासमोर येऊन बसली होती, कोणी आत आलं नाही, कोणी हात धुतले नाहीत. त्यांना 'आत या' म्हणणारी नव्हती. मला ते म्हणायचं सुचलं नाही.

बायको गेल्यावर सहा महिन्यांनी ती कंपनीची बाई आली.

बॅटरीवर चालणाऱ्या दुचाकीची कंपनी. पिवळ्या रंगाच्या गाड्या. सोबत चार माणसं, एकाच्या हातात कॅमेरा. बाई तरुण होती, वागायला गोड होती, माझ्या पाया पडली. मी चहा केला. चहा पिता पिता म्हणाली, "अंकल, सच बोलूँ? बँड तो बहुत हैं. इनके जैसी ऑडियन्स किसी के पास नहीं है. ये बच्चे जो बोलेंगे, वो लोग मानेंगे."

मी विचारलं, "म्हणजे तुम्हाले गानं पाहिजे का ऐकनारे पाहिजे?"

ती हसली. "दोनों, अंकल."

बैलाच्या बाजारात दात पाहतात तसं मला वाटलं. पण मग मी मुलाचं तोंड पाहिलं. अकरा वर्षांत त्याच्या दारात असं कोणी आलं नव्हतं. ड्रमवाल्याला कारखान्यात बढती मिळून राहिली होती, तो सोडायच्या बेतात होता. जुनवानीच्या मुलीच्या घरी लग्नाचं चाललं होतं. मुलगा चाळिशीकडं आला. हे झालं तर बँड आणखी उभा राहिला असता, नाही तर मोडला असता. त्यानं मला आधीच सांगितलं होतं. आईचं गाणं जाहिरातीत येईल, आई सगळ्या देशाला ऐकू येईल. मला ते बरं वाटलं. खरं सांगतो, मलाही बरं वाटलं. टीव्ही लावला आणि तिचा आवाज आला, असं माझ्या मनात आलं.

मग बाईनं कागद पुढं केला. "अंकल, बस एक साइन. आंटी की आवाज़ के लिए, आप फॅमिली हैं ना."

आता मिलमधली एक गोष्ट सांगतो, त्याशिवाय तुम्हाला मी नुसता मूर्ख वाटेन. आमच्याकडं शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सेफ्टीचं भाषण असायचं. दहा मिनिटं उभं राहायचं, साहेब बोलायचा, रजिस्टर फिरायचं, सही करायची. त्या रजिस्टरात वर काय लिहिलं आहे ते मी छत्तीस वर्षांत एकदाही वाचलं नाही. कोणीच वाचत नव्हतं. वाचत बसलो असतो तर मागचे ओरडले असते, चल ना बे, शिफ्ट उभी आहे. सहीचा अर्थ एवढाच, की मी इथं हजर होतो. माझ्या हाताला सहीचा हाच अर्थ माहीत आहे. पेन घेतला, जिथं बोट ठेवलं तिथं केली. तीन पानांवर. मी हजर होतो.

मुलगा बाजूलाच बसला होता, गिटारची तार बदलत; माझ्यानंतर त्यानंही सही केली.

दीड महिन्यानं जाहिरात आली. मी शेजाऱ्यांनाही बोलावून ठेवलं होतं. पहिले तिचा आवाज आला, 'थांब रे, दूध उतू जाईन'. शेजारीण डोळे पुसायला लागली. मग गाणं:

पिवळी गाडी माझ्या दारी, चार्ज झाली घरात,
वारा आला, घेऊन गेला, उडून राहिली गावात.

पिवळी गाडी. निळं लुगडं गेलं, माय गेली, टोपलं गेलं. एक पोरगी पिवळ्या गाडीवर बसून केस उडवत गेली आणि खाली कंपनीचं नाव आलं. शेजारीण मला विचारायला लागली, "भाऊजी, हे वहिनीचंच गानं आहे ना?" मी टीव्ही बंद केला.

संध्याकाळी मुलगा आला तेव्हा मी दारातच उभा होतो.

"तुले माहीत होतं का हे?"

"शब्द बदलतीन म्हनले होते, बाबा. एवढे बदलतीन हे नोतं माहीत."

"आनि शेवटचं कडवं?"

"ते तीस सेकंदात बसत नाई म्हनते."

"तुह्या आजीचं नाव तीस सेकंदात बसत नाई?"

तो खाली पाहत बोलला, "बाबा, कागदात लिहून होतं, मी आज वाचलं. आवाज, शब्द, चाल, सगळं त्यायले वापरता येते, बदलता येते. आनि सालभर आमी मंचावर त्यायचेच शब्द म्हनायचे. तुमी सही केली तवा मले वाटलं तुमी वाचलं असन."

"मी? मी आठवी नापास! कॉलेज तू शिकला. तू बसला होता ना तिथंच. मले वाटलं तू वाचलं."

बापाला वाटलं पोरानं वाचलं, पोराला वाटलं बापानं वाचलं. आणि वाचणारी एकच होती घरात. विजेचं बिल असो, रेशनचं कार्ड असो, ती चौथी शिकलेली बाई अक्षरावर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचायची, तोपर्यंत कोणाला हात लावू द्यायची नाही. ती असती तर त्या बाईचा चहा थंड झाला असता, पण सही झाली नसती.

मी त्याला फार बोललो. जे बोलायचं नव्हतं तेही बोललो. "मायले इकलं तू," म्हणालो. तो एवढंच म्हणाला, "बाबा, तुमी एकदा तरी आले का आमचं गानं आयकाले? अकरा वर्षांत? तिचंच गानं होतं ना, कडवं होतं, नाव होतं, सारं होतं. तवा कावून नाई आले?"

ह्या प्रश्नाचाही राग येतो.

म्हणून पुढच्या कार्यक्रमाला मी गेलो. कंपनीनंच ठेवला होता, भिलाईतल्याच मैदानात, सूर्य मावळायच्या वेळी. पिवळे फुगे, पिवळ्या कमानी, फाटकापाशी पिवळ्या गाड्या उभ्या. मला पुढं खुर्ची दिली, पाठीवर चिठ्ठी लावली होती, 'फॅमिली'. मागं वळून पाहिलं तर डोकीच डोकी. त्यातली दोन-चार मी ओळखली. आमच्या घरी जेवून गेलेली.

तिचा आवाज भोंग्यातून आला आणि सगळं मैदान एका सुरात ओरडलं, दूध उतू जाईन! इतकी माणसं माझ्या बायकोचे शब्द बोलून राहिली होती, आणि मी पहिल्यांदा ऐकत होतो, ती गेल्यावर.

मुलगा जुनवानीच्या मुलीसोबत माईकपाशी आला आणि पिवळी गाडी म्हणायला लागला. कागदानं बांधलेला. पण मैदानानं त्याचं ऐकलंच नाही. त्याच्या आवाजावर आवाज चढवून सगळे म्हणायला लागले, निळं लुगडं माझ्या मायचं. कोणी ठरवलं नव्हतं. त्यांनी सही केली नव्हती ना. मुलानं माईकपासून तोंड बाजूला घेतलं आणि नुसती गिटार वाजवत राहिला. जुनवानीची मुलगी रडून राहिली होती. आणि शेवटचं कडवं आलं, आणि माझ्या सासूचं नाव, टोपलं वाहणाऱ्या बाईचं नाव, त्या सगळ्या मैदानानं घेतलं. मी उठून उभा राहिलो. मला वाटलं, जिंकलो.

ती कंपनीची बाई धावत आली माझ्यापाशी. डोळ्यांत पाणी तिच्याही, खोटं नाही सांगत. माझा हात धरून म्हणाली, "अंकल, देखा आपने? यही तो चाहिए था हमको! यही लॉयल्टी!"

वर पाहिलं तर लांब दांड्यावर कॅमेरा फिरून राहिला होता.

तीन दिवसांनी मोबाईलवर ते आलं. तेच मैदान, तीच पोरं, तेच निळं लुगडं. निळंही आता चालत होतं त्यांना, कारण पोरं त्याच्यावर जीव टाकत होती. शेवटचं कडवंही ठेवलं. फक्त जिथं नाव येतं तिथं गाडीचा हॉर्न होता. पीं. अमकीची नाही, पींची लेक सांगे. आणि खाली कंपनीचं नाव.

मी त्या बाईला फोन लावला. नंबर मुलाकडून घेतला. मी म्हणालो, तुम्ही हे नाव कावून काढलं?

"अंकल, नाम से लोग पूछते हैं ये कौन है, किस समाज की है, कन्फ्यूजन होता है. लीगल वालों ने कहा सेफ नहीं है."

मी छत्तीस वर्षं हेल्मेट घालून सेफ्टीची भाषणं ऐकली आहेत बाई. आगीपासून सेफ, पट्ट्यापासून सेफ, क्रेनपासून सेफ. एका मजूर बाईच्या नावापासून कोणाला धोका आहे ते मला कोणत्याच साहेबानं सांगितलं नव्हतं. मी एवढं बोललो, मराठीतच बोललो. तिला कळलं की नाही माहीत नाही. "सॉरी अंकल," म्हणाली. माझ्या पाया पडलेली पोरगी. मी फोन ठेवला.

लोक मला समजावतात. शेजारचा म्हणतो, चार महिन्यांत जाहिरात जुनी होते, विसरून जा. अरे, पण ती पोरं? जी आता नव्यानं ऐकतील त्यांना वाटेल तिथं हॉर्नच होता. मंचावर साल संपेपर्यंत म्हणता येत नाही. आणि बँडची हालत अशी, की साल संपेपर्यंत राहतो की नाही. ड्रमवाल्यानं बढती घेतली. मग ते नाव राहणार कुठं? माझ्या बायकोनं आयुष्यात एक गाणं रचलं, आणि त्यातही स्वतःची जागा मायला दिली, आणि त्या जागी हॉर्न.

तिचा पहिला स्मृतिदिन आला. विहारात परित्राण पाठ झाला, मग मंडळाच्या बाया आमच्या घरी आल्या. मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, गाणं होईल, पण मोबाईल कोणाच्या हातात दिसता कामा नये. दारात तिचा चिवड्याचा मोठा डबा ठेवला आणि एकेकाचा मोबाईल त्याच्यात टाकायला लावला. बाया हसायला लागल्या. "भाऊजी, तुमी तं प्लांटच्या गेटावरचे शिपाई झाले!" एक म्हणाली. म्हटलं, हो झालो, टाका. मुलगाही आला. जुनवानीची मुलगीही आली. दोघांनी मोबाईल टाकले. मुलाच्या खांद्यावर गिटार नव्हती, हात मोकळे, त्यामुळे लहान दिसत होता.

आत शेगडीवर खिरीचं दूध ठेवलं होतं. बायांनी ढोलकी घेतली, निळं लुगडं सुरू केलं. संथ, जसं ती म्हणायची तसं, ड्रमशिवाय. मुलगा भिंतीला टेकून बसला होता, ओठ बंद. दुसरं कडवं झालं, तिसरं झालं, आणि बाया थांबल्या. ढोलकी नुसती चालू. मंडळात असंच असते. रचणारी गेली असेल तर नावाचं कडवं तिच्या घरच्यानं घ्यायचं. मला हे माहीतच नव्हतं, मी कधी गेलोच नव्हतो. सगळ्या माझ्याकडं पाहायला लागल्या.

मी मुलाकडं पाहिलं. तो हळूच म्हणाला, "बाबा, मले सालभर... कागद हाय."

"कागदावर माही बी सही हाय," मी म्हणालो. "येऊ दे कंपनीले कुरुदले. दारातच बसतो मी."

आणि मी म्हणायला लागलो. माझा आवाज म्हणजे गंजलेला पत्रा. डोक्यावरती टोपलं होतं, एवढं म्हटलं आणि दम लागला. आत फस्स आवाज झाला, जळका वास आला. एक बाई उठायला लागली, "अगं, दूध!"

"बस खाली," मी ओरडलो. "उतू जाऊ दे."

ती बसली. मी पुन्हा पहिल्यापासून घेतलं, मान तरी ना वाकली, आणि नाव घेतलं. पूर्ण नाव, जेवढ्या जोरात येईल तेवढ्या जोरात, मिलमध्ये क्रेनवाल्याला हाक मारायचो तसं. दुसऱ्या वेळी बायांनी उचललं. तिसऱ्या वेळी मुलानं उचललं, आणि त्याचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. अकरा वर्षांत मी पहिल्यांदा त्याचं गाणं कान देऊन ऐकलं. चांगला गातो.

खीर काही झाली नाही. बाया कोरा चहा पिऊन गेल्या, आपापले मोबाईल डब्यातून काढून, चिवड्याचं तेल पदरानं पुसत.

शेगडी दुसऱ्या दिवशी मी घासली. जळकं दूध लवकर निघत नाही. घासता घासता ते नाव मी किती वेळा घेतलं ते मोजलं नाही.